चौदा फटींचं घर

तायडे मोजणीदार थंडी माणसांच्या कानांवरून मोजत असत.

दसरा उलटला की रोज सकाळी, कचेरीत जाण्याआधी, ते अकोल्याच्या मोटार स्टँडवर जाऊन उभे राहत. कुणाला घ्यायला नाही की कुठे जायला नाही. हिवरखेडहून तेल्हाऱ्यावरून येणारी पहिली मोटार लागली की तिच्यातून उतरणाऱ्या एकेकाचे कान बघायचे. कान उघडे असले तर "सवड हाये अजून" म्हणून परत फिरायचे. पाच-सात कान फडक्यानं बांधलेले दिसले, की तसेच तरातरा जठारपेठेत यायचे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहून सांगायचे, "निघाला! सातपुड्यावरून निघाला. परवा आपल्या घरी."

मी गल्लीत नवा होतो तेव्हा मला वाटलं, यांचा जावई येतो आहे. "काय काम करतात ते?" असं मी कौतुकानं विचारलंसुद्धा. तायड्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "हिव म्हन्तो मी, मास्तर. थंडी. ते काय काम करते, ते तुमाले दोन दिवसानं समजन."

एकदा मोटारीतून एक म्हातारा डोक्याला उपरणं गुंडाळून उतरला. बाकी सगळे उघडे. तायड्यांना हा एकटा कान हिशेबात धरवेना आणि सोडवेना. त्यांनी त्याला गाठून विचारलं, "हिव म्हनून बांधलं, का दात दुखते म्हनून?" म्हातारा म्हणाला, दात. तायड्यांनी त्याला लवंग चावायला सांगितली आणि समाधानानं कचेरीत गेले.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. तायडे मोजणी खात्यात होते. आधी शेतांच्या हद्दींवर साखळी ओढणारे शिपाई, मग परीक्षा देऊन मोजणीदार. उंच, काटकुळे, डोक्याला काळी टोपी, कानावर पेन्सिल. त्यांचे कितीतरी हिवाळे सातपुड्याच्या पायथ्याशी तंबूत गेले होते. "भित म्हंजे काय, ते तंबूत झोपलेल्या मानसाले पुसा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते दिवसातून तीनदा तरी कानावर येई, आणि आपण भिंतीच्या आड झोपतो याबद्दल उगीचच अपराध्यासारखं वाटे.

बायको चार वर्षांमागं गेलेली, मूलबाळ नाही. गल्लीच्या शेवटी रहमान पिंजाऱ्याचं घर होतं. त्याच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहत. पुढं दिवसभर रहमानचाचाची धुनकी टणत्कारायची, रुईचा धुरळा उडायचा, आणि संध्याकाळी कचेरीतून आले की तायडे त्या रुईत बसून गाद्या-दुलया शिवायला मदत करायचे. टाका त्यांचा सरळ यायचा. आयुष्य हद्दी आखण्यात गेलेलं.

त्या गल्लीत त्यांना दुसऱ्या कुणी खोली दिली नसती. तायडे बौद्ध होते. छप्पन साली नागपूरला जाऊन आले होते, खोलीत बुद्धाची तसबीर होती. गल्लीनं हे ऐकून घेतलं होतं. पण गल्लीच्या तोंडात जुना शब्दच बसलेला. तो आता जरा हळू आवाजात म्हणायचा, एवढीच काय ती सुधारणा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. समतेचा धडा माझा चांगला रंगायचा. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर तसा शेराही दिला होता. हे मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझी जी शोभा होणार आहे ती पुरती समजायला हा शेरा लागतो.

तर ही थंडी. तायड्यांचं म्हणणं असं, की वारा नकाशा बघून येतो. म्हणून त्यांनीही नकाशा काढला होता. आमची अख्खी गल्ली, प्रमाणशीर, निळ्या शाईत. त्यात घरं होती, झाडं होती, गोठे होते, आणि लाल पेन्सिलीनं वाऱ्याची वाट दाखवली होती. प्रत्येक घरावर आकडा होता. मला वाटलं, घर क्रमांक.

"फटी," तायडे म्हणाले. "तुमच्या घराले चौदा. तीन मोकाट."

"मोकाट म्हणजे?"

"म्हंजे त्यातून मांजर जाईन."

चौदा हा गल्लीतला सर्वांत मोठा आकडा होता. वकीलसाहेबांच्या दुमजली घरालासुद्धा अकराच. मला वाईट वाटलं, आणि थोडा अभिमानही वाटला. घर भाड्याचं होतं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं छप्पर. घरात मी, आई आणि नुकतीच अमरावतीहून लग्न होऊन आलेली शांता. मागं अंगण, अंगणात कडुनिंब, कडेला गोठा आणि त्यात आईची गाय, चांदी.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी तायडे अंगणात हजर. बरोबर पाटी. पाटीत पांढरी माती, शेण आणि कुटार, म्हणजे भुसा, कालवलेलं. बोलावलं कुणी नव्हतं. "मी माझ्यासाठी करून राहिलो," ते म्हणाले. "तुमच्या घरातून वारा निघून माझ्या खिडकीत येते. नकाशात पाहा."

मग हुकूम सुरू झाले. कडुनिंबाच्या खालच्या फांद्या छाटा, ऊन अंगणात उतरू द्या. न्हाणीचा दगड उत्तरेकडून उचलून पूर्वेला आणा. गोवऱ्या भुईवर रचू नका, खाली दोन फळ्या टाका. रांजण ओट्यावर घ्या. गोठ्याच्या उत्तर बाजूला गेल्या सालच्या तुराट्यांची तट्टी बांधा, आणि बांधताना तुराट्यांचे शेंडे खाली करा, कारण शेंडे दाट असतात आणि वारा गाईच्या पायाकडून शिरतो. मी शेंडे वर केले होते. सगळी तट्टी सोडून परत बांधावी लागली. तायडे शेजारी उभे राहून टोपी काढून डोकं खाजवत होते. "शाळेत काय शिकवता तुमी?"

"नागरिकशास्त्र."

"मंग ठीक हाये."

बाहेरच्या भिंती ते स्वतः लिंपत. दोन बोटांनी फट चाचपायची, आतला भुगा फुंकून काढायचा, गारा भरायचा आणि अंगठ्यानं असा दाबायचा की फट होती कुठं हे नंतर सांगता येऊ नये. पण फट सापडायची कशी? त्यासाठी उदबत्ती. उदबत्ती आतल्या बाजूनं भिंतीजवळ धरायची. धूर हलला तिथं फट.

इथं एक मौज होती. उदबत्ती धरायला तायडे आत येत नसत. पेटवलेली उदबत्ती ते खिडकीच्या फळीवर ठेवत, मी ती आतून उचलायची, आणि ते बाहेरून भिंतीला कान लावून हुकूम सोडत.

"आता डाव्या कोन्यात न्या. हालला का धूर?"

"हालला."

"कोन्या बाजूले?"

"माझ्याकडे."

"तुमच्याकडे म्हंजे काय, मास्तर? तुमाले दिशा नाई का? उत्तर सांगा, दक्षिण सांगा!"

मला माझ्याच घरात उत्तर कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. मी उदबत्ती घेऊन गोल फिरायचो, बाहेरून तायडे "थांबा, थांबा, कोठी चालले?" म्हणून ओरडायचे, आणि शांता पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळायची. आई देवघराशी बसून म्हणायची, "देव एका कोन्यात आन् उदबत्ती चौदा ठिकानी. ह्या मानसानं देवालेही घोर लावला."

तुळशीबाबतही तेच. पहाटेच्या गारठ्यानं तुळस करपते म्हणून तिच्यावर फडकं बांधायचं, हे त्यांनीच सांगितलं. पण सांगितलं ते दहा हातांवरून, काठीनं दाखवत. "तुमी बांधा, बाई. डावीकडे गाठ. हां. अजून वर."

मी या सगळ्याला साहेबी समजत होतो. सरकारी माणूस, शिपायांना हुकूम द्यायची सवय. तसा तो मलाही शिपाई समजतो, असं मी शाळेत सहकाऱ्यांना सांगत असे आणि उदबत्तीची नक्कल करून दाखवत असे. नक्कल मला चांगली जमायची. मास्तरांच्या खोलीत चहा आला की फर्माईश व्हायची, "ते मोजणीदाराचं होऊन जाऊ द्या." तीन वर्षं मी ती नक्कल केली. माणूस तीन वर्षं माझ्या भिंतीच्या बाहेर उभा राहिला, त्यानं एकदाही उंबऱ्याकडे पाऊल टाकलं नाही, आणि मला त्याचं हसू येत होतं. 

पण घर गरम झालं, हे आईसुद्धा कबूल करायची. तिचे गुडघे दर हिवाळ्यात कुरकुरायचे, ते पहिल्याच वर्षी निम्म्यानं गप्प झाले. संक्रांतीला तिनं तायड्यांसाठी तिळाचे लाडू दिले. कागदात बांधून दिले, म्हणजे भांडं परत यायला नको. मीच नेऊन दिले. तायड्यांनी तिथल्या तिथं एक खाल्ला आणि म्हणाले, "मायले सांगा, गूळ चांगला हाये. लाडू दातानं तुटत नाई, दातच तुटते."

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात आमच्याकडे मुलगी झाली. तायड्यांनी तिला पाहिली ती दिवाळीच्या सुमाराला, शांता तिला घेऊन ओट्यावर कोवळ्या उन्हात बसली होती तेव्हा. ते अंगणात कडुनिंबाखाली उभे राहिले आणि पेन्सिल कानावरून काढून हवेतच काहीतरी मोजू लागले.

"काय करता, भाऊ?" शांतानं विचारलं.

"काई नाई. लेकरू किती हाये ते पाहून राहिलो."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस त्यांचं स्टँडवर जाणंही अनियमित झालं. मग एका सकाळी त्यांनी ओट्यावर एक पुडकं आणून ठेवलं. आत दुलई होती. हिरव्या छिटाची, बारीक पिवळ्या फुलांची, टाके बोटाबोटाच्या अंतरावर, सरळ. हातात घेतली तर वजनच लागेना, आणि पाच मिनिटं मांडीवर ठेवली तर मांडीला घाम येईल अशी. "टाका चुकला असन तं सांगा," एवढंच बोलून ते गेले. जाताना वळून ओट्याकडे पाहिलं. मूल आत झोपलं होतं.

शांता दुलई घेऊन पाळण्याकडे निघाली.

"नको," आई म्हणाली. "लेकराच्या आंगाले नको."

"काहून?"

"काहून म्हंजे?"

एवढाच युक्तिवाद झाला. आईच्या लेखी तो पुरा होता. शांतानं माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी ते जास्त वाचू लागलो. दुलई पेटीत गेली.

आठवडाभरानं गारठा पडला. चांदीच्या पाठीवर टाकायचं पोतं उंदरांनी कुरतडलं होतं आणि ती पहाटे थरथरत उभी राहायची. आईला तोडगा सुचला. "ते दुलई गाईवर टाकू. वायाही जात नाई, आन् कोनाच्या आंगालेही लागत नाई."

गाय आमच्या घरात देवाच्या खालोखाल. पोळीचा पहिला घास तिचा. तिच्या अंगाला जे चालतं ते माझ्या मुलीच्या अंगाला का चालू नये, हे विचारण्याइतकी अक्कल मला होती. तोंड नव्हतं. उलट, खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. भांडण मिटलं, दुलई कामी आली, आईचं राहिलं, गाईचं भलं झालं. दुलई चांदीच्या पाठीवर टाकली ती मीच, आणि पोटाखालून सुतळीनं बांधलीही मीच. चार महिन्यांच्या मुलीच्या मापाची दुलई ती. गाईच्या पाठीचा जेमतेम मधला भाग झाकला. दोन्ही बाजूंनी गाय उरली.

तायडे तट्टी बघायला येतील हे माझ्या लक्षातच आलं नाही. दर वर्षी पहिल्या गारठ्यानंतर ते तट्ट्या बघायला यायचेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आले. गोठ्याशी वाकले, सरळ झाले, आणि चांदीसमोर उभे राहिले.

मी दातांना राखुंडी लावत होतो. काहीतरी बोलणं भाग होतं.

"वाळत घातली होती," मी म्हणालो.

गाईवर! हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते देव जाणे. वर मी "धुऊन" असंही जोडलं.

"रुईची दुलई धूत नसते, मास्तर," तायडे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. त्यांनी दुलईची कड दोन बोटांत धरली, फट चाचपावी तशी चाचपली, आणि सोडून दिली. "माप चुकलं माझं. लेकराचं घेतलं होतं. गाईचं घ्याले पाह्यजे होतं."

आणि निघून गेले. मी तोंडात राखुंडी घेऊन तसाच उभा. चूळ भरायचं भान उरलं नाही.

त्याच सकाळी शांतानं दुलई गाईवरून सोडली आणि आत नेली. मला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. चहा झाला. पाणी तापलं. भाजी काय आणता. बस्स.

चार दिवस तायडे गल्लीत कुणाच्याच अंगणात दिसले नाहीत. मी मनाशी वाक्य तयार करत होतो. तायडेजी, माझं चुकलं. वर्गात चाळीस पोरांसमोर तासभर न अडखळणारा मी, पण हे वाक्य "तायडेजी"च्या पुढं सरकेना. चौथ्या दिवशी संध्याकाळी हिय्या करून रहमानचाचाकडे गेलो. तायडे मोजणीवर गेले होते, रात्री उशिरा येणार होते. मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

रहमानचाचा धुनकी थांबवून म्हणाला, "बैठो मास्तर." भुवयांवर, दाढीवर रुई. त्यानं ती हातानं झटकली. मग म्हणाला, "वो दुलई का कपास मालूम है कहां का था? हिवरखेड का. उनके भाई के खेत का, पहला वेचा. मैं बोला, दो, जिन में डाल के सरकी निकाल लाता. नहीं बोले. जिन में तागा टूटता, बच्चे को चुभेगा. आठ दिन बैठ के उंगली से सरकी निकाले. एक एक." त्यानं स्वतःचा अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून दाखवलं. "मैं चार बार पिंजा. और क्या बोलूं, तुम तो पढेलिखे लोग."

त्यानं धुनकी पुन्हा उचलली. मी घरी आलो.  आपण वाईट माणूस आहोत असं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. भित्रा आहोत हे ठाऊक होतं, पण भित्रा माणूस वाईट नसतो अशी माझी समजूत होती.

दुसरा दिवस रविवार. वारा सुटला होता, सातपुड्याचा, कान कापणारा. सकाळी आठाच्या सुमाराला तायडे आले. हातात मोजणीची कापडी फीत, काखेत वही. सरळ गोठ्याशी गेले.

"धरा गाय," मला म्हणाले.

"तायडेजी," मी म्हणालो.

"धरा. हालन ते."

मी दावं धरलं. गल्लीत बातमी पसरायला काय वेळ लागतो? वकीलसाहेब दातवण चावत कुंपणाशी आले. दोन-तीन बाया डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. तायड्यांनी वही माझ्या हातात दिली. ती मी गाईच्या पाठीवर ठेवली. मग ते मोठ्यानं, शेताची मोजणी सांगावी तसं सांगू लागले.

"लिहा. खांद्यापासून शेपटापर्यंत, साडेचार फूट. लिहिलं? पोटाचा घेर, पाच फूट दोन इंच. वशिंडासाठी भोक, परीघ... इकडे धरा ना फीत, मास्तर, तुमाले फीतही धरता येत नाई का?"

"काय चाललं हो?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"गाईले दुलई शिवून राहिलो," तायडे म्हणाले. "या घरात जिले चालते, तिच्यासाठी शिवतो. उघडी गाय मले पाहवत नाई. आन् अर्धी झाकलेली तं मुळीच पाहवत नाई."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसलं नाही. चांदी मात्र खूश होती. तिनं मान वळवून तायड्यांची बाही चाटली. त्यांनी चाटू दिली. मी आकडे लिहीत होतो आणि माझे कान तापले होते, त्या वाऱ्यातसुद्धा. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

तेवढ्यात शांता बाहेर आली. कडेवर मुलगी, दुपट्यात गुंडाळलेली, फक्त नाक बाहेर.

"भाऊ, गाईचं झालं?"

"झालं, बाई."

"मग आता हिचं घ्या."

तायडे फीत गुंडाळत होते, त्यांचा हात थांबला. "हिचं माप हाये माझ्यापाशी."

"ते दिवाळीचं. मूल वाढलं. तुमची दुलई मी उसवली आहे. रुई चाचांकडून पुन्हा पिंजून आणते, अभ्रा मी शिवते. माप तुम्ही द्या."

तायड्यांनी दुपट्यातून डोकावणाऱ्या नाकाकडे पाहिलं. मग त्यांनी फीत उलगडली. "आना इकडे."

"इथं नाही," शांता म्हणाली. "इथं वारा आहे. तिला उघडी करावी लागेल. कोणत्या दिशेचा वारा हा?"

"उत्तरेचा," तायडे म्हणाले. खोटं बोलणं त्यांना शक्यच नव्हतं, निदान वाऱ्याच्या बाबतीत.

"मग आत या."

 सगळ्या गल्लीला हुकूम सोडणाऱ्या त्या माणसाला आपल्या पायांना काय सांगावं ते कळेना. त्यांनी फीत गुंडाळली, पुन्हा उलगडली. दारात आई उभी होती, चौकटीला हात लावून. तायड्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

घर माझ्या नावानं भाड्यानं घेतलेलं होतं. कर्ता मी होतो. "या, तायडेजी," एवढंच म्हणायचं होतं, आणि ते म्हणायला याहून सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती; बायकोनं दार अर्धं उघडूनच दिलं होतं. मी वहीत पाहिलं. लिहिलेले आकडे पुन्हा एकदा वाचले.

बोलली ती आई. "चपला तथी काढा," ती म्हणाली, रागावल्यासारखी. "सारवन ताजं हाये." आणि चौकटीवरचा हात काढून बाजूला झाली.

आईनं तसं का केलं मला माहीत नाही. गुडघ्यांच्या आठवणीनं, की शांतापुढं हरायचं नाही म्हणून, की गल्ली बघत होती म्हणून. मी तिला कधी विचारलं नाही, कारण मग तिनंही मला काही विचारलं असतं.

तायड्यांनी चपला काढल्या. जोडून, भिंतीला समांतर ठेवल्या. टोपी काढली, पुन्हा घातली. उंबरा ओलांडताना ते वाकले, चौकट चांगली उंच होती तरी. शांता त्यांच्या मागून गेली, आई तिच्या मागून गेली, आणि वाऱ्यानं लोटलं म्हणून की कुणी लोटलं म्हणून, दार लागलं.

गल्ली हळूहळू आपापल्या घरी गेली. मी गोठ्यात, हातात दावं धरून. वारा धोतरात शिरत होता.  आतून मुलगी एकदा कुरकुरली, शांता काहीतरी म्हणाली, तायडे हळू आवाजात इंच सांगत होते. ते इतक्या हळू बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मग आकडेही थांबले.

आणि मग भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला.

"माय," ते म्हणाले, "गरम हाये हो तुमचं घर."

 दावं सोडून आत जायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण माझा पाय उचलेना, आणि बराच वेळ मी तिथंच, गाईच्या आडोशाला, वारा खात उभा राहिलो.